नव्वद मिनिटांची कॅसेट

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, माझं वय ५३. १९९० ते १९९४ सांगलीत इंजिनीअरिंगला होतो. होस्टेलमधल्या आम्हा अकरा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात माझा रूम पार्टनर होता, माझा सगळ्यांत जवळचा मित्र. दुसऱ्या वर्षाला आम्ही दोघांनी पैसे जमवून पुण्याहून टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. ए बाजूला लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, बी बाजूला डीप पर्पलचा 'मशीन हेड'. मी झेपेलिनवाला झालो, तो पर्पलवाला. तीस वर्षं एकमेकांना चिडवत आलो. गेल्या गणपतीत मी ग्रुपवर दहा महान रॉक बँडची यादी टाकली. झेपेलिन पहिले, पर्पल नववे. तो म्हणाला, झेपेलिन चोर आहेत, काळ्या गायकांची गाणी ढापून मोठे झाले. मी म्हटलं, तुझा गिलन गातो कुठे, नुसता किंचाळतो. रात्री दीडपर्यंत चाललं. शेवटी मी लिहिलं, 'जतहून आलास तेव्हा तुला गिटार आणि बुलबुलतरंग यातला फरक कळत नव्हता. मी शिकवलं तुला.' त्यानं उत्तर दिलं नाही, ग्रुप सोडला. माझ्या मुलीच्या साखरपुड्यालाही आला नाही. माझं चुकलं का? आणि खरं सांगा, झेपेलिन चोर आहेत का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर आहे, म्हणून ते आधी देते. तुमचे मित्र बऱ्याच अंशी बरोबर आहेत.

'होल लॉटा लव्ह' घ्या. १९६९ मधल्या दुसऱ्या अल्बमचं पहिलंच गाणं. त्यातले बरेचसे शब्द विली डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'मधून आलेले आहेत, आणि ते गाणं मडी वॉटर्सनं १९६२ मध्ये गाऊन ठेवलं होतं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, आणि डिक्सन म्हणजे शिकागोच्या ब्लूजचा कणा. चेस रेकॉर्ड्स या कंपनीत बास वाजवायचा, दुसऱ्यांसाठी गाणी लिहायचा. झेपेलिनच्या रेकॉर्डवर मात्र नावं फक्त त्या चौघांची होती. १९८५ मध्ये डिक्सननं दावा लावला, कोर्टाबाहेर तडजोड झाली, आणि आज त्या गाण्याखाली त्याचंही नाव छापलं जातं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'ची तीच गत. जेक होम्सनं ते १९६७ मध्ये काढलं होतं, झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर त्याच्याखाली नाव आलं त्यांच्या गिटारवाल्या जिमी पेजचं. होम्स २०१० मध्ये कोर्टात गेला, तिथेही तडजोड झाली. 'बेब आय अॅम गॉना लीव्ह यू' अॅन ब्रेडन नावाच्या बाईनं लिहिलेलं. ते अल्बमवर 'पारंपरिक' म्हणून छापलं गेलं, आणि १९८० च्या दशकापर्यंत तिला त्याची गंधवार्ताही नव्हती.

होम्स आणि ब्रेडन गोरे होते, तेव्हा तुमच्या मित्रांच्या वाक्यात तेवढी दुरुस्ती. बाकी त्यांचं म्हणणं खरं आहे. हे तुम्हाला सरळ मान्य करावं लागेल, 'पण', 'परंतु' न लावता. तुम्ही तीस वर्षं ज्यांना मानलंत त्यांनी दुसऱ्याचं नाव गाळलं, हे ऐकताना त्रास होतो. मलाही झाला होता. मी 'होल लॉटा लव्ह' आधी ऐकलं, मडी वॉटर्स कितीतरी वर्षांनी, आणि पहिल्या दोन ओळींतच माझा चेहरा उतरला.

आपल्याकडे ही चोरी इतकी सोपी का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तुकोबांचा अभंग कुणीही गाऊ दे, मोठा गवई गाऊ दे नाहीतर गावच्या देवळातलं भजनी मंडळ, शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येतंच. जनाबाईचं नाव जनाबाईच्या ओळीत विणलेलं आहे. ख्याल रचणाऱ्या सदारंगाच्या बंदिशीत त्याची मुद्रा, म्हणजे गुंफलेलं नाव, असते, ती गायल्याशिवाय बंदिश पुरी होत नाही. नाव गाण्यातच असल्यावर ते गाळणार कसं? ब्लूजला अशी मुद्रा नव्हती. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून, दारूच्या गुत्त्यांतून, स्टेशनांवरून ती कडवी तोंडोतोंडी फिरत राहिली. एकाची ओळ दुसऱ्याच्या गाण्यात जायची आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे, कारण कुणाच्याच हातात फारसा पैसा नव्हता. पैसा आला तो रेकॉर्डच्या धंद्यात, आणि तिथे ज्याचं नाव लेबलवर त्याचे पैसे. झेपेलिनची इंग्लंडातली मुलं ब्लूज शिकली ती त्या रेकॉर्डवरूनच, म्हणजे लेबल त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणून मी त्यांना अजाण म्हणणार नाही.

आता तुमच्या ए बाजूचं शेवटचं गाणं. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. तेही मूळचं झेपेलिनचं नाही. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले, लाखो माणसं उघड्यावर आली. १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय या जोडप्यानं त्यावर हे गाणं रेकॉर्ड केलं. दोन गिटार आणि एक आवाज, बस. इथे झेपेलिननं मेम्फिस मिनीचं नाव अल्बमवर दिलं. (मकॉयचं राहिलंच.) पण त्यांनी त्या गाण्याचं जे केलं, त्याला उचलणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हँपशरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं जुनं, थंडगार, दगडी घर आहे. त्याच्या जिन्याच्या पायथ्याशी झेपेलिनच्या जॉन बॉनमचा ड्रमसेट मांडला. इंजिनीअर अँडी जॉन्सनं ड्रमजवळ माइक ठेवलाच नाही. दोन माइक वरच्या मजल्यावरून, जिन्याच्या कठड्यापाशी टांगले. म्हणजे तुम्ही जे ऐकता तो नुसता ड्रम नाही, तो जिना आहे. कातड्यावर बसलेला घाव वर चढतो, भिंतींना लागतो आणि जड होऊन खाली येतो. इअरफोन लावून पहिले काही सेकंद ऐका. अजून गिटार नाही, गाणं नाही, नुसती चाल आहे, आणि तेवढ्यातच पुराचं पाणी भिंतीला धडका देताना दिसतं. मिनीच्या गाण्यात पुराची हकिगत आहे. बॉनमच्या ड्रममध्ये पूर आहे. दोन्ही हवं.

आणि तुमच्या मित्रांना हेही कळायला हवं, की त्यांच्या घरातही उसनवारी आहे. 'चाइल्ड इन टाइम' हे पर्पलचं १९७० चं गाणं, दहा मिनिटांचं. जॉन लॉर्डच्या ऑर्गनवर ती हळूहळू चढत जाणारी सुरावट 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची. त्यांचा मूळ तुकडा १९६९ चा, डेव्हिड लाफ्लॅमच्या व्हायोलिनवरचा, जलद लयीतला, आणि त्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. पर्पलनं लय उतरवली, त्यावर शब्द घातले आणि रेकॉर्डवर नावं दिली आपल्याच पाच जणांची. गिलननं हे पुढे मोकळेपणानं सांगितलं आहे. त्या दुसऱ्या बँडनंही पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून आपलं एक गाणं बेतलं, म्हणजे फिटंफाट. पण यादी करायची म्हटली तर ती दोन्ही बाजूंनी होते.

मात्र तिथेही गिलन किंचाळतो असं कृपा करून म्हणू नका. पहिल्या दोन कडव्यांत तो जवळजवळ पुटपुटतो. मग शब्द सोडून देतो, नुसता 'ऊ' लावतो, तोच 'आ' होतो, आणि दर आवर्तनाला आवाज वरच्या पायरीवर जातो. शीतयुद्धाच्या सावलीत लिहिलेलं गाणं आहे ते, गोळी येणार हे माहीत असलेल्या माणसाचं. शब्द संपल्यावर त्यानं काय करायचं? ओरडायचंच. वरच्या सप्तकात स्वर न ढळता राहणं म्हणजे काय, हे गाणाऱ्या कुणालाही विचारा. तुम्ही रागाच्या भरात बोललात हे मला कळतं, पण इतकी वर्षं एकाच खोलीत तेच ऐकलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही.

'स्टेअरवे टू हेवन'बद्दलही वाद झाला असणारच. स्पिरिट बँडच्या १९६८ मधल्या 'टॉरस'वरून त्याची सुरुवात उचलली, असा दावा २०१४ मध्ये लागला. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीनं झेपेलिनच्या बाजूनं कौल दिला, अपिलात तो उलटला, आणि २०२० मध्ये वरच्या पीठानं पुन्हा कायम केला. एकेक पायरी उतरत जाणारी ती ओळ शेकडो वर्षं संगीतात आहे, तिच्यावर कुणाची मालकी सांगता येत नाही. इथे मी तुमच्या बाजूनं आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हा दोघांच्या कॅसेटची आहे.

रोलिंग स्टोन्सनी एका ट्रकमध्ये स्टुडिओ बसवला होता. तो भाड्यानं मिळायचा. १९७१ च्या सुरुवातीला तो ट्रक हेडली ग्रेंजच्या दारात उभा होता आणि जिन्यातला तो ड्रम त्यातल्या टेपवर उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तोच ट्रक स्वित्झर्लंडमध्ये माँत्रूला पोचला, डीप पर्पलसाठी. ते तिथल्या कसिनोत रेकॉर्डिंग करणार होते. ४ डिसेंबरला फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन झाडली, कसिनो जळून गेला, आणि पर्पलची मंडळी तळ्यावर पसरलेला धूर बघत राहिली. 'स्मोक ऑन द वॉटर' तिथून आलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. दुसऱ्या एका थिएटरात त्या गाण्याचं वादन रेकॉर्ड झालं आणि आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दाराशी आले. मग त्यांना हिवाळ्यात रिकामं पडलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. खोल्यांच्या दारांना गाद्या लावून त्यांनी कॉरिडॉरमध्ये वाजवलं. खाली ट्रकपर्यंत जायची वाट इतकी आडवळणाची होती, खोल्यांतून आणि बाल्कन्यांतून, की वाजवलेलं परत ऐकायला जायचं त्यांनी सोडूनच दिलं.

म्हणजे तुमच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू बऱ्याच अंशी एकाच वर्षात, एकाच ट्रकमध्ये, एका जिन्यात आणि एका कॉरिडॉरमध्ये तयार झाल्या. पुण्याच्या कॅसेटवाल्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. बेचाळीस मिनिटं आणि सदतीस मिनिटं, दोन्ही पंचेचाळीसच्या आत बसतात, एवढंच त्यानं पाहिलं असेल.

आणि तुमची ती यादी. पहिला, नववा. हा क्रम कशाचा? झेपेलिनची मुळं ब्लूजमध्ये. त्यांच्याकडे मोकळी जागा आहे, ठोका पडल्यावर पुढच्या ठोक्यापर्यंत ते वाट बघू देतात. पर्पलच्या लॉर्डनं १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अख्ख्या ऑर्केस्ट्रासोबत बँड उभा केला होता. त्यांच्याकडे संवाद आहे. 'मेड इन जपान'मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गिलन तोच गळ्यातून परत देतो, आणखी अवघड, आणखी वर, की आपल्या फडावरचे सवाल-जवाब आठवावेत. मला विचाराल तर ड्रमसाठी मी झेपेलिन लावते आणि संगतीसाठी पर्पल. यांतलं नववं कोण? क्रमांक टाकला की ऐकणं थांबतं आणि मोजणी सुरू होते. नववा नंबर वाचून तुमच्या मित्रांना बँडचा अपमान वाटला नसेल. त्यांना वाटलं असेल, याला माझी बाजू कधी ऐकूच आली नव्हती.

माझे वडील आणि आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले काका कुमार गंधर्वांवरून वर्षानुवर्षं भांडले. काकांना ते गाणं तुकड्यातुकड्यांचं वाटायचं, घराण्याची शिस्त मोडणारं. वडिलांचा त्यांच्यावर जीव. रविवारी सकाळी आवाज चढायचे. पण त्यांचा एक नेम होता, जो कधी बोलून ठरलेला नव्हता: ज्याला आक्षेप घ्यायचा असेल त्यानं आधी रेकॉर्ड लावायची. काका सुई अचूक त्या जागेवर टेकवायचे आणि म्हणायचे, 'हे बघा, इथे.' मग दोघं गप्प बसून ती जागा ऐकायचे. वडिलांचं मत बदललं नाही, काकांचंही नाही. चहा मात्र दोनदा व्हायचा. तुमच्या ग्रुपवर त्या रात्री दीड वाजेपर्यंत एकानं तरी एखादं गाणं लावलं का? पत्रात तसं काही दिसत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, तुमचं चुकलं. पण यादीत नाही, गिलनवरही नाही. ते वादातलं होतं, आणि तुम्हा दोघांना तो वाद प्रिय आहे. चुकलं ते 'जतहून आलास तेव्हा'.

त्यांच्या जागी बसून बघा. दुष्काळी तालुक्यातून आलेला मुलगा होस्टेलवर येतो. बाकीच्यांच्या घरी टेपरेकॉर्डर आहेत, इंग्रजी नावं तोंडात आहेत. त्याला एक मित्र मिळतो जो त्याला हिणवत नाही, शेजारी बसवून ऐकवतो. तो मुलगा ते मनापासून ऐकतो, त्यातलं स्वतःचं निवडतो, मित्रापेक्षा वेगळं निवडतो, आणि तीस वर्षं त्यावर ठाम राहतो. आणि एके रात्री नऊ जणांसमोर तोच मित्र सांगतो, की तुला काही कळत नव्हतं, ते सगळं माझं दिलेलं. तुम्ही दिलेली गोष्ट परत मागितलीत. ती देताना तुम्ही उपकार करत होतात असं त्यांना कधी वाटलं नसावं. आता मागची सगळी वर्षं ते त्या नजरेनं बघत असतील.

आणि ते खरंही नाही. तुम्ही एका कॅसेटचे अर्धे पैसे दिलेत, अर्धे त्यांनी दिले. पर्पल त्यांनी स्वतःच्या कानानं निवडलं. नाव गाळण्यावरून तुम्ही झेपेलिनची बाजू घेत होतात, आणि शेवटी तुमच्या मित्रांच्या ऐकण्यावर स्वतःचं नाव छापून मोकळे झालात. हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण तुमच्या पत्रात 'मी शिकवलं तुला' हे शब्द तुम्ही स्वतःहून जसेच्या तसे दिलेत. ते तुम्हालाही टोचत असणार.

तेव्हा असं करा. मेसेज नको, फोनही नको. ग्रुपवर तर मुळीच नको, तिथे बाकीचे नऊ जण समजूत घालायला धावतील आणि त्याचा तमाशा होईल. जिथे असतील तिथे जा. साखरपुड्याला का आला नाहीस, हे विचारू नका. ती तुमची तक्रार आहे, माफी मागायला गेलेल्या माणसानं ती घरी ठेवावी. एवढंच सांगा की जतवरून बोललो ते चुकलं, आणि शिकवलं म्हणालो ते खोटं होतं. त्या वाक्यात झेपेलिन आणू नका. 'तूही मला चिडवलंस' हेही आणू नका. ते गप्प राहिले तर गप्प राहू द्या, ती शांतता भरून काढायची तुम्हाला घाई नको. एका भेटीत होईल अशी खात्री मी देत नाही. पाच-सहा महिने मनात घोळलेलं आहे, दुसऱ्यांदा जावं लागलं तर जा.

नंतर, पुन्हा बोलणं सुरू झालं की मग, डिक्सनबद्दल तू बरोबर होतास, हे नावानिशी, सालानिशी सांगा. सगळ्यांसमोर हरलेलं सगळ्यांसमोरच मान्य केलेलं बरं, तेव्हा हे मात्र ग्रुपवर लिहा. 'बॉम्बे कॉलिंग' लगेच काढू नका. ते महिन्याभरानं, त्यांनी पुन्हा तुमच्या झेपेलिनला चोर म्हटल्यावर काढा, आणि लिहू नका, लावा. वाद बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या गोष्टीवर जीव आहे तिच्याबद्दल माणूस भांडणारच, आणि तुम्हा दोघांइतकं मन लावून ऐकणारे मला फार भेटत नाहीत.

आणखी एक गोष्ट सोबत न्या. १९७२ मध्ये पेज आणि झेपेलिनचा गायक प्लँट मुंबईत आले होते आणि इथल्याच वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा रेकॉर्ड केली. ती टेप अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, तुमचं होस्टेल सुटल्यावर वीसेक वर्षांनी. 'फ्रेंड्स'मध्ये तबला आहे. ते तुमच्या कॅसेटवर नव्हतं, त्यामुळे ते दोघांनाही सारखंच नवं असेल, आणि कुणी कुणाला शिकवलं हा प्रश्न तिथे येणार नाही.

ती कॅसेट कुणाकडे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांच्याकडे असेल असं मला उगाच वाटतं. असली तर विचारा. इतक्या वर्षांनी टेप सैल पडलेली असेल, पेन्सिल घालून आधी घट्ट करून घ्या, नाहीतर प्लेअर ती ओढून घेईल. प्लेअर मिळेलच कुठेतरी, जुन्या बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर. आणि लावाल तेव्हा बी बाजू आधी लावा, पूर्ण, मधे न बोलता.